उतरणीचे तास

४ फेब्रुवारी, रविवार
गाईडचा फोन लागला. तो डोंगरातून बाजाराच्या गावी उतरतो तेव्हाच लागतो, म्हणजे पंधरवड्यातून एकदा. त्याने हो म्हटलंय. सप्टेंबरमध्ये हिमालयातली ती दोन आडबाजूची खोरी, मधली खिंड, एकूण एकोणीस दिवस. पण दोन अटी आहेत. आतल्या खोऱ्याचा परवाना आठ नावं असल्याशिवाय मिळत नाही. आणि अठ्ठावन्न पूर्ण झालेल्या नवख्या माणसाला तो त्या खिंडीवर नेत नाही. मला येत्या मार्चमध्ये सत्तावन्न पूर्ण होतील. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. अकरा वर्षं तो नकाशा कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे, रोज शर्ट काढताना खिंड दिसते.

संध्याकाळी हिला सांगितलं. ही चष्म्याच्या दुकानात काचा बसवते. घरीही कुणा ना कुणाचा चष्मा दुरुस्तीला आणलेला असतोच. स्क्रू पिळता पिळता म्हणाली, "खिंडीत थंडी किती असते?" म्हटलं, "तू काळजी करू नकोस." तिने पुढचा स्क्रू घेतला.

६ फेब्रुवारी
ऑफिसात सगळे विचारतात, या वयात सराव कसा करणार. अरे, मी लिफ्टचा माणूस. तेहतीस वर्षं लिफ्टची देखभाल करतोय. मशीनरूम असते गच्चीवर. माझी पद्धत ठरलेली: वर जाताना जिन्याने, प्रत्येक मजल्याचं दार बाहेरून तपासत. वर ब्रेक, दोर, पुली बघायची. मग लिफ्ट चालू करून तिच्यातूनच खाली यायचं. मी स्वतः बसून खाली आल्याशिवाय लॉगबुकात सही करत नाही. दिवसाला चार इमारती, खांद्यावर अकरा किलोची हत्यारांची पिशवी. गिर्यारोहणच ते, फक्त बर्फ नाही.

शिवाय प्रत्येक इमारतीत लिफ्ट किती मीटर वर जाते ते मला सेंटिमीटरपर्यंत पाठ आहे. इतरांना आपण किती चढलो याचा अंदाज बांधावा लागतो. मला तो लागत नाही.

१८ फेब्रुवारी, रविवार
पहिला पक्का सराव. सोळा मजल्यांची कचेऱ्यांची इमारत, रविवारी चिटपाखरू नसतं, वॉचमन ओळखीचा. तळापासून वरपर्यंत ५४.४ मीटर. सहा फेऱ्या केल्या, म्हणजे ३२६ मीटर चढ. दर चार मजल्यांवरची वेळ लिहायला कुणीतरी हवं म्हणून हिला नेलं. ही वही घेऊन मागून येते.

अडचण एकच, हिला लिफ्टची भीती. लग्न झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात मी रुबाब दाखवायला हिला नव्या लिफ्टमध्ये नेलं आणि ती सहाव्या-सातव्याच्या मध्ये पन्नास मिनिटं अडकली. तेव्हापासून लिफ्टवाल्याची बायको जिन्याने ये-जा करते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. तर मी दर फेरीला लिफ्टने झटक्यात खाली यायचो आणि हिची वाट बघत बसायचो. बारा बारा मिनिटं. अंग थंड पडतं, सरावाची लय जाते. बोललो तसं. म्हणाली, "बरं, लवकर येते."

३ मार्च
आराखडा तयार होतोय. मोठ्या कागदावर एकोणीस रकाने: मुक्काम, चढ, उतरण, तास. चढ ताशी अडीचशे मीटर धरलाय, म्हणजे माझ्या वेगाच्याही खालीच. उतरणीला चढाच्या निम्मा वेळ धरला. उतरायला काय लागतं, पृथ्वीच ओढते. दहाव्या दिवशी खिंड, आणि पलीकडे तेराशे मीटरची सलग उतरण, तिला साधारण अडीच तास.

ही उशिरापर्यंत कागद न्याहाळत होती. म्हणाली, "दहाव्या दिवशी उतरणीला एवढाच वेळ?" म्हटलं, "तू काचा बघ, मी तास बघतो." हसण्यावारी नेलं तिने.

१७ मार्च
वाढदिवस झाला. आता एक वर्षसुद्धा नाही, सहा महिने. झोप नीट लागत नाही. डोळे मिटले की रकाने दिसतात.

७ एप्रिल
सहा नावं झाली. मी, दातांचे डॉक्टर, शिकवणीवाल्या बाई, त्यांचा भाऊ आणि एका छापखान्यातले दोघे मित्र. हे दोघे इतके सारखे बोलतात की मी त्यांना जोडगोळी म्हणतो. अजून दोन हवेत. माणसं मिळवताना नाकी नऊ आलेत. प्रत्येकाला फोटोत खिंड हवी असते, पायाखाली नको असते.

५ मे
सातवं नाव मिळालं, माझा पुतण्या. आठवं म्हणून आलेल्या ग्रंथपालांनी आज माघार घेतली. बायको नको म्हणते, म्हणे. फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "काय बायका असतात." ही म्हणाली, "काही असतात तशा."

खरंच, हिने आजवर एकदाही नको म्हटलेलं नाही. तेवढ्या बाबतीत मी सुखी आहे.

२१ मे
लेकीचा फोन. आठव्या नावाचं माझं रडगाणं ऐकून म्हणाली, "बाबा, तुमचं म्हणजे काखेत कळसा अन् गावाला वळसा. आईला घेऊन जा ना." मी हसलो. सोळा मजल्यांच्या लिफ्टला घाबरणारी बाई पाच हजार मीटरवर काय करणार. शिवाय तिचं दुकान, घर. लेक म्हणाली, "तुम्ही तिला विचारलंत?" म्हटलं, तिच्या मनात असतं तर तिनेच सांगितलं नसतं का. लेकीने फोन ठेवून दिला. मला वाटलं लाईन गेली.

९ जून, रविवार
आज चौदा फेऱ्या, ७६१ मीटर. पिशवीत चौदा किलो. धाप लागते पण लगेच बसते. वॉचमन म्हणाला, साहेब, तुम्ही जिन्याची फरशी झिजवणार. अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

एक बरं झालंय. हिची वाट बघण्यात आता पूर्वीसारखा वेळ जात नाही. पहिल्यांदा बारा मिनिटं लागायची, आज सगळ्या फेऱ्यांना पाच-सहा. मी पाणी पिऊन घाम पुसेपर्यंत ही दारात उभी. वहीसुद्धा आता चालता चालताच लिहिते. फक्त हिच्या चपला दर महिन्याला झिजतात. आज बूट घेतले तिने, चांगले घोट्यापर्यंतचे. म्हटलं, जिन्याला एवढे भारी कशाला. म्हणाली, "टिकतील."

आठवं नाव अजून नाही. परवान्याचा अर्ज जुलैअखेर बंद होतो. रोज कुणाला तरी फोन करतो. लोकांना माझा नंबर पाठ झाला असावा, उचलत नाहीत.

७ जुलै, रविवार
लिहायला बसलोय ते पाय खुर्चीवर ठेवून.

गाईड मुद्दाम आला होता. दरवर्षी मोहिमेआधी तो सगळ्यांना एका डोंगरावर चालवून बघतो. अकराशे मीटर चढून त्याच दिवशी खाली. ही डबे घेऊन आली, सात जणांचं जेवण एकट्याने कोण वाहणार. वर मी सगळ्यांच्या वीस मिनिटं आधी पोचलो. डॉक्टर मागून धापा टाकत आले आणि म्हणाले, "तुम्ही माणूस आहात की पंप?" असा आनंद मला तेहतीस वर्षांत झाला नव्हता.

मग उतरायला लागलो. पहिला अर्धा तास बरा गेला. नंतर डाव्या गुडघ्यात कुणी खिळा ठोकावा तसं झालं. मग उजव्या. प्रत्येक पावलाला मांड्या थरथरायला लागल्या, आपले पाय आपले वाटेनात. जोडगोळी पुढे गेली, शिकवणीवाल्या बाई पुढे गेल्या. शेवटचे दोन तास मी आडवा होऊन, खेकड्यासारखा उतरलो. शेवटी एका बाजूने डॉक्टर आणि दुसऱ्या बाजूने पुतण्या, असा खाली आलो. पाच तास लागले. बुटांचा दोष असणार.

गाईडने माझे गुडघे बघून मान हलवली. हिला मात्र म्हणाला, "वहिनी, उतरताना तुमच्या पावलाचा आवाज येत नाही." ही सगळ्यांत आधी खाली पोचली होती म्हणे. असेल, रिकामे डबे हलकेच असतात.

९ जुलै
सूज. कामावर गेलो नाही. बूट परत करायला दुकानात फोन केला. त्याने ऐकून घेतलं नाही.

१२ जुलै
हाडांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी गुडघे दाबले, वाकवले, फोटो बघितला. वाटीमागची गादी झिजलीये. विचारलं, सराव कसा करत होता? मी छाती फुगवून सगळं सांगितलं: रोज चार इमारती, रविवारी चौदा फेऱ्या, चौदा किलो. ते लिहीत होते. विचारलं, "आणि उतरताना?" म्हटलं, लिफ्टने. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"म्हणजे पाच महिन्यांत तुम्ही उतरलातच नाही?"

पाच महिने कसले. तेहतीस वर्षं. मी तेहतीस वर्षं रोज चढतोय आणि एकदाही उतरलेलो नाही. चढताना गुडघ्याला काम नसतं तेवढं, ते म्हणाले, उतरताना सगळं अंग त्याच्यावर आदळतं. त्याची सवय लावावी लागते. आता या वर्षी तेराशे मीटरची उतरण विसरा. चढ चालेल, साधी वाट चालेल.

घरी येताना वाटेत रडलो. चाळीस पावलांच्या गल्लीत भिंतीकडे तोंड करून. हे फक्त इथे लिहितोय.

१३ जुलै
उंटावरचा शहाणा. दुसरा शब्द नाही. दुसऱ्याच्या लिफ्टमध्ये एक दोर ढिला असला तर मला आवाजावरून कळतं.

१७ जुलै
कपाटाचं दार मी उघडत नाही. शर्ट खुर्चीवर ठेवायला सांगितलेत. ही रविवारी एकटीच इमारतीवर जाऊन आली. म्हटलं, आता कशाला? "सवय झाली," म्हणाली. मला राग आला. माझ्या दुःखात हिला जिने सुचतात.

२० जुलै
गाईडचा फोन. शेवटच्या गावापर्यंत मी येऊ शकतो, तिथवर चढच आहे. तिथून जीपने दोन दिवस वळसा घालून पलीकडच्या पुलावर जायचं आणि खिंड ओलांडून येणाऱ्यांना भेटायचं. परवान्यावर माझं नाव चालेल. पण नावं सातच आहेत, आठवं पाठवा, नाहीतर कुणीच येऊ शकत नाही. मी म्हटलं, कुठून आणू? तो हसला. "तुमच्या घरात डबे कोण भरतं?"

फोन ठेवला आणि ती वही काढली, जिन्यावरच्या वेळांची. डाव्या बाजूला माझ्या वेळा, चढतानाच्या. उजव्या बाजूला बारीक अक्षरात दुसऱ्या वेळा. मला वाटायचं बेरजा असतील. त्या हिच्या उतरण्याच्या वेळा आहेत. पहिल्या रविवारपासून, प्रत्येक फेरीच्या. वर चढणारे आम्ही दोघं होतो आणि खाली उतरणारी ही एकटीच. हे मला समोर दिसत होतं.

२१ जुलै
जेवताना म्हटलं, "असं आहे, नाव कमी पडतंय. तू माझ्याऐवजी खिंडीवर जा."

ही जेवत राहिली. ताट घेऊन उठली तेव्हा म्हणाली, "तुमच्याऐवजी नाही जाणार."

"मग?"

"मग काही नाही. तुमच्या जागी मी कशाला जाऊ. माझी जागा असती तर गेले असते."

२३ जुलै
घोडं अडलंय. दातांच्या डॉक्टरांचा दोनदा फोन आला, जोडगोळीचा चारदा. मी बाहेरच्या खोलीतून आत आणि आतून बाहेर करतोय. गुडघा दुखतो तरी बसवत नाही. विचारायचं म्हणजे नेमकं काय विचारायचं, ते जमत नाहीये. तीस वर्षांत मी हिला सांगत आलो, कळवत आलो. विचारलं कधी, ते आठवून बघतोय.

२४ जुलै
ही दुकानातून आली, चपला काढत होती. मी उभ्या उभ्या म्हटलं, "तुला यायचंय का?" एवढंच. खिंडीचं, परवान्याचं, आठव्या नावाचं काही नाही.

हिने दुसरी चप्पल काढली, दोन्ही जागेवर लावल्या. मग म्हणाली, "अकरा वर्षं कपाट मीही उघडते." आणि आत गेली. मला कळेना, हे हो आहे की नाही. पाठोपाठ जायचा धीर होईना. आतूनच आवाज आला, "रक्तगट बी पॉझिटिव्ह. लिहून घ्या, तुम्हाला माहीत नसेल."

माहीत नव्हता.

११ ऑगस्ट
आराखडा नव्याने केला. उतरणीचे सगळे तास खोडले. ही आणि मी समोरासमोर बसलो, मधे तिची वही. तिच्या पावलांवरून दर दिवसाची उतरण काढली, त्यात थांबे धरले, डॉक्टरांचं वजन धरलं. तेराशे मीटरला अडीच नाही, पाच तास. म्हणजे मी सात माणसांना उतरणीवर अंधारात अडकवणार होतो. हिने एकदाही म्हटलं नाही की मार्चमध्येच सांगितलं होतं. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

८ सप्टेंबर, शेवटचं गाव
पाच दिवस चालून आलो. पाय टिकले. आज सकाळी ते सगळे निघाले. दगडी भिंतींमधून वाट वर जाते आणि एका वळणानंतर दिसेनाशी होते. गाईड पुढे, त्याच्यामागे ही. मला वाटलं, वळणावर मागे बघेल. पाठपिशवीचा पट्टा नीट करत होती, त्यात राहिलं असावं.

खोलीत एक खाट, एक खिडकी. खिडकीतून खिंड दिसत नाही, चौकशी केली.

९ सप्टेंबर
सातव्या मुक्कामाला दुपारी दीडला पोचायचं. दीड वाजला. आता चहा झाला असेल. दोन वाजले. अंगणात एकशे चाळीस फेऱ्या मारल्या. घरमालकीण म्हणाली, "तुमचं कोण गेलंय वर?" म्हटलं, बायको. "पहिल्यांदा?" म्हटलं, हो. "मग बसा," म्हणाली. मला बसता येत नाही, ते तिला कसं सांगणार.

१२ सप्टेंबर
आज दहावा दिवस, खिंड. सकाळपासून वरच्या बाजूला ढग. आराखडा हातात धरून बसलोय. नऊ वाजता माथा. साडेनऊला उतरण सुरू. अडीचला तळ. सगळे आकडे बरोबर आहेत आणि त्यातल्या एकाचाही उपयोग नाही. वर काय चाललंय ते आकड्यांना माहीत नाही. ग्रंथपालांची बायको नको म्हणाली तेव्हा मी 'काय बायका असतात' म्हटलं होतं. आज मी हजार वेळा नको म्हटलं, मनातल्या मनात, ते निघून गेल्यावर.

लोक लिफ्टमध्ये अडकले की मला कधीही जावं लागतं. परत कधी येईन ते सांगता येत नसे. ही घरी काय करत असेल तेव्हा, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आज दिवसभर तोच पडला.

१९ सप्टेंबर, पूल
काल संध्याकाळी पोचलो. जीपवाला म्हणतो, खिंडीवर त्या दिवशी थोडा बर्फ पडला. थोडा म्हणजे किती, ते त्याला सांगता येत नाही. उद्याचा दिवस आणि परवा दुपार काढायची आहे.

२१ सप्टेंबर
अडीचला यायचे होते. अडीच वाजले, तीन वाजले. पुलावरून पलीकडे गेलो, परत आलो, परत गेलो. तीन चाळीसला वळणावर गाईडची टोपी दिसली. मोजायला लागलो. एक, दोन, ती ही, तीन, चार. सगळे होते. शिकवणीवाल्या बाईंच्या पायाला फोड आले होते, त्यात वेळ गेला.

ही काळी पडली आहे, नाकाची साल निघाली आहे, ओठ फुटलेत. समोर येऊन उभी राहिली. मी इतकं काय काय ठरवून ठेवलं होतं. म्हटलं, "गुडघे?" म्हणाली, "आहेत." मग हसली. असं हसताना मी तिला बऱ्याच वर्षांत बघितलं नव्हतं. खिंडीचं विचारलं तर म्हणाली, सांगेन, पण आता नाही, आता सांगितलं तर कमी पडेल. मला फार बरं वाटलं आणि फार वाईटही वाटलं, दोन्ही एकदम. हिच्या डोळ्यांत काहीतरी होतं जे मी बघितलेलं नाही आणि आता बघणारही नाही.

पुलापाशी सगळे चहाला बसले. गाईड म्हणाला, पुढच्या सप्टेंबरला उत्तरेकडचं खोरं करतोय, तीन आठवड्यांचं. चढ फारसा नाही, उतरणी सावकाश आहेत.

"माझं नाव लिहून ठेवा," ही म्हणाली.

त्याने वही काढली. हिने नाव सांगितलं, वय सांगितलं, रक्तगट सांगितला. मी बुटाची नाडी बांधायला वाकलो. गाईडने पेन तसंच धरून ठेवलं.

"आणखी कोण?"

"अजून कुणाला विचारलं नाही," ही म्हणाली आणि चहा संपवला.

आता जीपमध्ये माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली आहे, म्हणून अक्षर वाकडं येतंय. उत्तरेकडच्या खोऱ्याला वयाची अट आहे का, ते गाईडला विचारायचं होतं, पण सगळ्यांसमोर विचारलं नाही. मुक्कामाला पोचायला अजून तीन तास आहेत. तेवढ्यात हिला जाग आली तर मला विचारेल.